सिहोऱ्याची बस आणि पहिला तास

आमच्या कॉलेजात निवडणुकीचे दिवस आले की वर्गाचं दार कधी नीट बंद होत नसे. तास सुरू असायचा, फळ्यावर वाक्य अर्धवट लिहिलेलं असायचं, आणि दारातून कोणीतरी हात जोडून म्हणायचं, "सर, दो मिनट." सरांनी मान हलवायच्या आतच सात-आठ मुलं वर्गात शिरायची. मधला पांढऱ्या कुडत्यातला उमेदवार, बाकीचे त्याचे साथीदार. त्यातला एक जण दारातच थांबायचा, म्हणजे कोणी सटकू नये. उमेदवार आधी सरांच्या पाया पडायचा आणि मग वर्गाकडे वळून "भाइयों और बहनों" म्हणायचा. भाइयों म्हणताना तो मुलांकडे बघायचा आणि बहनों म्हणताना आमच्या डोक्यांवरच्या भिंतीकडे.

आम्ही मुली डावीकडच्या पुढच्या बाकांवर बसायचो. सगळ्या मिळून इतक्या कमी होतो की एखादीला ताप आला तर बाक रिकामा दिसायचा. भाषणात काय असायचं ते आता आठवत नाही, कारण तेव्हाही आम्ही ते ऐकत नव्हतो. वाचनालय, सायकल स्टँड, छात्र एकता, आणि शेवटी "आपका भाई". इतिहासाचे सर तेवढ्या वेळात खुर्चीत बसून पानाचा डबा उघडायचे. अर्थशास्त्राच्या मॅडम मात्र उमेदवाराला दारातच अडवायच्या. "पहले मुझे बताओ, बोलोगे क्या?" असं विचारायच्या. बहुतेकांना ते सांगता येत नसे. मग मॅडम म्हणायच्या, "तो कल सोचकर आना." त्यांच्या तासाला उमेदवार कमी यायचे.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही जबलपूरच्या कांचघर वस्तीत राहायचो. बाबा भंडाऱ्याकडचे. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून तरुणपणीच जबलपूरला आले. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्यांची फेररचना झाली, बाबांचं गाव एका राज्यात गेलं आणि नोकरी दुसऱ्यात राहिली. बाबा त्याबद्दल फार बोलत नसत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं आमचं चालायचं. मला दोन्ही भाषा येत होत्या, पण हिंदीत चार लोकांसमोर उभं राहून बोलायची वेळ कधी आली नव्हती. मराठीतही आली नव्हती म्हणा.

एके दिवशी मधल्या सुट्टीत अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराने मला कँटीनजवळ बोलावणं पाठवलं. सगळे त्याला भैया म्हणत. कितीतरी वर्षं तो कॉलेजात होता. एका विषयात एम.ए. झालं की दुसऱ्या विषयाला प्रवेश घ्यायचा. वडील ठेकेदार, दारात जीप. माणूस मात्र वाईट नव्हता. तो माझ्याशी आडपडदा न ठेवता बोलला.

"बहन, हमारे पैनल में एक लड़की चाहिए. सहसचिव के लिए. सामनेवालों ने डॉक्टर साहब की बेटी खड़ी की है."

"मीच का?" हे मी हिंदीत विचारलं.

"फॅक्टरी एरिया के मराठी वोट हैं. बौद्ध विहार वाले लोग हैं. आप उधर की हो, पढ़ने में अच्छी हो. बोलना कुछ नहीं है. बोलूँगा मैं. आप बस साथ खड़ी रहना."

मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

बाबा जेवत होते. ऐकून त्यांनी घास खाली ठेवला.

"काहून? आपल्याले का करायचं आहे त्या पुढारपणाशी? सरकारी नोकरी होय माझी. फोरमनले समजलं त म्हणन, पोरीले राजकारणात टाकलं."

आई शिलाई मशीनवर होती. वस्तीतल्या बायकांचे ब्लाऊज ती शिवायची. पाय न थांबवताच ती म्हणाली, "कॉलेजची निवडणूक होय ते. फोरमनले कोण पुसते त्याच्यात? उभी राहू द्या. चार लोकांत तोंड त उघडन तिचं."

"अन् हरली त?"

"हरली त घरीच येईन. कुठं जाणार आहे?"

बाबा बराच वेळ वरणभात कालवत बसले. मग त्यांनी अटी घातल्या. जीपमध्ये बसायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. मी तिन्ही मान्य केल्या. खरं सांगायचं तर त्या घातल्या म्हणून मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आमची वर्गावर्गांतून फेरी सुरू झाली. कालपर्यंत मी बाकावर बसून ज्या दाराकडे बघत होते, त्या दारातून आता मी आत जात होते. भैया भाषण करायचा आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणायचा, "और ये हमारी बहन, महाराष्ट्रियन समाज की बेटी." मी हात जोडायचे. माझ्या वाट्याला एकच वाक्य होतं, "कृपया अपना अमूल्य मत दें." तेही मी इतक्या हळू म्हणायचे की मागच्या बाकापर्यंत पोचत नसे.

वाणिज्य शाखेच्या एका वर्गात मागून आवाज आला, "भैया, बहनजी को बोलना आता भी है कि नहीं?"

वर्ग हसला. भैयाही हसला आणि म्हणाला, "हमारी बहन ज़रा शर्मीली है."

मला ते फार लागलं. पोरं हसली ते ठीक होतं, पोरं हसणारच. पण माझ्या बाजूने उत्तर देणाऱ्यानेही मला बोलता येत नाही हेच सांगितलं होतं, आणि तेही कौतुकाने. वर आमच्या पाठोपाठ दुसऱ्या पॅनलची फेरी यायची. डॉक्टरांची मुलगी काय बोलायची! स्वच्छ हिंदी, एक शब्द अडखळायचा नाही. मी व्हरांड्यात खांबाशी उभी राहून तिचं भाषण ऐकलं आणि मनातल्या मनात निवडणूक हरून मोकळी झाले.

माझी एक मैत्रीण होती, रोज सिहोऱ्याहून यायची. तिथे तिच्या वडिलांचं बियाण्यांचं लहानसं दुकान होतं. सकाळची पहिली बस धरली तरी ती वाटेतल्या प्रत्येक गावाला थांबत यायची, रेल्वे फाटक लागलं तर तिथे वेगळी खोळंबायची. स्टँडवरून ती धापा टाकत कॉलेजात पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असायचा. तशा चार-पाच मुली होत्या. त्यांचा पहिला तास सामान्य हिंदीचा, सगळ्यांना सक्तीचा. आदल्या वर्षी त्यांतल्या एकीला हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसू दिलं नव्हतं. तिच्या घरच्यांनी मग तिचं कॉलेजच बंद केलं. या वर्षी ती पाळी माझ्या मैत्रिणीवर येणार होती आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी मी रडवेली होऊन तिच्याजवळ बसले तेव्हा ती म्हणाली, "हमसे तो दिन भर बतियाती हो. वहाँ मुँह में दही जम जाता है?"

"बोलूँ क्या? साइकिल स्टँड पर बोलूँ? मेरे पास तो साइकिल भी नहीं."

"तो हमारी बस पर बोलो," ती म्हणाली. ती अर्ध्या चेष्टेने म्हणाली होती. मी मात्र घरी जाईपर्यंत त्यावरच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या वर्गात भैयाचं भाषण संपलं, त्याने माझ्याकडे हात केला, आणि मी हात जोडायच्याऐवजी बोलायला लागले. वाक्यं मी घरून घोकून आणली होती. तोंड उघडलं आणि सगळी पळून गेली. मग सुचेल तसं बोलले. "सिहोरा से जो बहनें आती हैं, उनका रोज़ पहला तास डूब जाता है."

वर्गात एकदम हशा उठला. मला कळेचना काय झालं. आपल्याकडे तास म्हणजे तास, पण जबलपूरच्या बोलीत पत्त्यांना तास म्हणतात. मागून एक जण ओरडला, "दीदी, तास में कितना डूबा? तीन पत्ती में?"

 भैया पुढे यायला लागला. तो परत "शर्मीली" म्हणणार असं मला वाटलं, आणि त्या भीतीनेच माझा आवाज मोठा झाला. "तास मतलब पीरियड," मी म्हटलं. "हमारे घर में पीरियड को तास बोलते हैं. हँस लो. पर पिछले साल एक लड़की का पूरा साल उसमें डूब गया, और अब वो घर बैठी है."

मग मी बसच्या वेळा सांगितल्या, फाटक सांगितलं, परीक्षेचं सांगितलं, आणि कॉलेज थोडं उशिरा सुरू करावं अशी मागणी केली.  मैत्रीण दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकत होती. मी बाहेर आले तेव्हा तिने माझ्या हातातली पुस्तकं तेवढी स्वतःकडे घेतली.

दुपारपर्यंत सबंध कॉलेजात माझं नाव "तासवाली" पडलं. पहिले दोन दिवस मला ते झोंबलं. मग लक्षात आलं की आता आम्ही वर्गात शिरलो की पोरंच म्हणतात, "तासवाली दीदी को बोलने दो." भैयाच्या भाषणाला मात्र खोकले सुरू व्हायचे. त्याचा चेहरा उतरायचा, पण तो माझ्या मध्ये आला नाही. त्याला वाटत होतं, मतं पॅनललाच पडतायत.

खरी अडचण तिसऱ्या वर्षाच्या वर्गात आली. मी बोलून संपवलं आणि खिडकीजवळचा एक मुलगा उठून उभा राहिला. काटकुळा, हाताच्या बोटांना काळं लागलेलं. त्याने टर उडवली नाही. अगदी साधेपणाने विचारलं, "दीदी, कॉलेज देर से लगेगा तो छूटेगा भी देर से. मेरी दो बजे से रिछाई के कारख़ाने में ड्यूटी है. मेरा आख़िरी पीरियड तो अभी भी छूटता है. मैं क्या करूँ?"

 मी भैयाकडे पाहिलं. तो म्हणाला, "सबका ध्यान रखा जाएगा." मुलगा खाली बसला. हे उत्तर त्याने याआधी पुष्कळदा ऐकलं असावं, असं त्याच्या बसण्यावरून वाटलं.

बाहेर आल्यावर भैयाने मला बाजूला घेतलं. "अब ये बस-वस छोड़ो. इधर के लड़के नाराज़ हो जाएँगे. सिहोरा के कितने वोट हैं? गिनकर दस नहीं. रिछाई में काम करनेवाले उनसे कहीं ज़्यादा हैं. राजनीति में हर बात बोलने की नहीं होती."

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. तो रागावलाही नव्हता, समजावून सांगत होता. पण मला सारखा तो खाली बसलेला मुलगा दिसत होता. मी त्याचं नुकसान मागत होते आणि मला ते माहीतच नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा आणि मी जेवत होतो. बाबांनी आईला मशीन थांबवायला सांगितलं. मग मला म्हणाले, "आमच्या वर्कशॉपमधल्या एकाचा पोरगा तुझ्या कॉलेजात आहे. तो म्हणून राहिला होता का तुझी पोरगी लय बोलते म्हणून. का बोलतं तू तिथं?"

मी घाबरत घाबरत म्हटलं, "बसचं बोलते, बाबा."

"बोलून दाखव."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं भाषण हिंदीतून बोलून दाखवलं. आई हातातला सुई-दोरा तसाच धरून ऐकत होती. "तास" म्हटल्यावर पोरं का हसली ते सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत. मी रिछाईच्या मुलाचं सांगितलं.

"मंग त्याले का म्हटलं तू?"

"काहीच नाही म्हटलं."

"अच्छा," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "त्याले जाऊन पूस ना. तो सांगन त्याले का पाहिजे ते."

एवढंच बोलून ते हात धुवायला उठले.

सकाळी मी मैत्रिणीला घेऊन त्या मुलाला शोधलं. तो सायकलला कुलूप लावत होता. दोन मुली आपल्याशी बोलायला आल्या हे बघून तो आधी गोंधळलाच. आम्ही व्हरांड्याच्या पायऱ्यांवर उभ्या राहूनच बोललो. बोलता बोलता कळलं की त्याचा बुडणारा तासही सामान्य हिंदीचाच. त्या विषयाचे दोन गट होते. एका गटाला तास सकाळी पहिला, दुसऱ्याला दुपारी शेवटचा. शिकवणाऱ्या मॅडम त्याच, पुस्तक तेच. कोण कोणत्या गटात ते हजेरीच्या क्रमांकावरून ठरायचं. या मुलाचा तीन वर्षं दुसरा गट होता आणि तीन वर्षं त्याचा हाच तास बुडत होता; ड्यूटीची पाळी बदलली की तेवढे दिवस हजेरी भरून तो कसाबसा परीक्षेला बसायचा. माझी मैत्रीण पहिल्या गटात.

मैत्रीण त्याला म्हणाली, "तो भाई, तुम हमारी जगह बैठ जाओ, हम तुम्हारी जगह."

"साल अलग-अलग है," तो म्हणाला.

"अरे, तुम्हारे साल में भी तो कोई होगी."

असणारच होती. प्रत्येक वर्षात दोन्ही तऱ्हेची मुलं होती. म्हणजे कॉलेजची वेळ बदलायला नको, कोणाला काही खर्च नको. गट निवडायची मुभा तेवढी हवी होती. इतकी साधी गोष्ट आजवर कोणी मागितली कशी नाही याचं मला नवल वाटलं. पण सिहोऱ्याच्या मुली कोपऱ्यातल्या बाकावर बसायच्या आणि रिछाईला जाणारी मुलं शेवटच्या तासाआधीच निघून जायची. एकमेकांशी बोलायची वेळ यायची कुठून?

मी भैयाला सांगितलं. तो घाईत होता. निवडणूक दोन-चार दिवसांवर आली होती. "अच्छा है, अच्छा है," म्हणाला, "पर अब नया कुछ मत छेड़ो. पैनल का एक ही भाषण रहेगा."

"फिर मैं अलग से जाती हूँ," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. त्याच्याशी मी इतकं स्पष्ट पहिल्यांदाच बोलत होते.

त्याने घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "जाओ. पर वोट पैनल के लिए ही माँगना."

मग आम्ही दोघीच फिरलो. पांढरा कुडता नाही, दार अडवायला कोणी नाही. मी बोलायचे आणि मैत्रीण शेजारी उभी राहायची, म्हणजे बसने येणारी मुलगी कशी असते ते लोकांना दिसावं. ती स्वतःच असं म्हणायची. अर्थशास्त्राच्या मॅडमनी आम्हांलाही दारात अडवलं. "बोलोगी क्या?" मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. मॅडमनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि आत यायची खूण केली. मी बोलत असताना त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मध्ये एकदा मला थांबवून म्हणाल्या, "ये वाली बात फिर से कहो, पीछे सुनाई नहीं दी." मी परत सांगितलं. बाहेर पडताना त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक है." त्यांच्या तोंडून "ठीक है" सहसा कोणाला मिळत नसे.

शेवटच्या दिवशी रिछाईचा मुलगाही आमच्याबरोबर एका वर्गात आला. त्याला बोलायला सांगितलं तर म्हणाला, "जो दीदी ने कहा, सही है," आणि घाम पुसला. मला त्याची अवस्था चांगली कळत होती.

मतदानाच्या दिवशी कॉलेजात जत्रा होती. दोन्ही पॅनलचे मंडप, समोसे, भोंगे. मतमोजणी संध्याकाळपर्यंत चालली. दिवेलागणीची अट असल्यामुळे मी थांबू शकत नव्हते. निघाले तेव्हा मी मागे आहे एवढं कळलं होतं. शेवटी निकाल रिछाईच्या मुलाने सांगितला. त्या दिवशी त्याने कामावर सुट्टी घेतली होती, आणि घरी जाताना तो सायकलवरून मुद्दाम कांचघरला वळला. मी हरले होते. डॉक्टरांची मुलगी निवडून आली होती. भैया मात्र अध्यक्ष झाला होता. त्याला माझ्यापेक्षा कमी मतं पडली होती, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्याला त्याहून कमी.

मुलगा दारातच उभा होता. आईने त्याला पाणी दिलं. तेवढ्यात बाबा आले. त्यांच्या हातात खव्याच्या जलेबीचा पुडा होता, वरच्या कागदाला तुपाचे डाग. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि समजले.

"मले वाटलं जिंकन," ते पुडा तसाच धरून म्हणाले.

आई म्हणाली, "आणलीच आहे त काढा आता. थंडी झाली त आंबूस लागन."

आम्ही जलेबी खाल्ली. मुलाने नको नको म्हणत दोन घेतल्या. रडू मला नंतर आलं, अंथरुणात, पांघरूण डोक्यावरून घेऊन. हरण्यापेक्षा जास्त हे वाटत होतं की आता उद्यापासून मला कोणी बोलू देणार नाही. काही दिवस मिळालेला आवाज परत करायचा आहे, असं काहीतरी.

चार-पाच दिवसांनी मुलींच्या खोलीत डॉक्टरांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. तोवर आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो. तिने बांगडी फिरवत विचारलं, "वो सेक्शन वाली बात मुझे ठीक से समझाओगी?"

माझ्या मनात आधी "नाही"च आलं. जिंकलीस ना, आता तुझं तू बघ. हे मी बोलले नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं.

ती म्हणाली, "देखो, मैंने तीन बार तुम्हारा भाषण सुना. बाहर खड़े होकर. मेरे पास बोलने को इतना अच्छा कुछ था ही नहीं. अब जीत गई हूँ तो करूँ क्या?"

मी तिचं भाषण खांबाशी उभी राहून ऐकत होते, आणि ती माझं. मला हसूच आलं. मी तिला सगळं समजावलं. मैत्रीण धावत-पळत आली, तिलाही बसवून घेतलं. डॉक्टरांच्या मुलीने नीट प्रश्न विचारले. सिहोऱ्याची बस तिने जन्मात पाहिली नव्हती, पण तिला ऐकून घेता येत होतं.

प्राचार्यांकडे आम्ही तिघी गेलो. बोलली तीच. तिची हिंदी प्राचार्यांच्या कार्यालयात शोभायची. प्राचार्य आधी म्हणाले, पुढल्या वर्षी बघू. मग म्हणाले, क्रमांकांची गडबड होईल. तेव्हा ती म्हणाली, "सर, हिंदी वाली मैडम राज़ी हैं. उनसे पूछ लीजिए." मॅडमना आदल्या दिवशीच विचारून ठेवायची कल्पना तिचीच. मला ती कधीच सुचली नसती. प्राचार्यांनी शिपायाला पाठवून मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, मला काय, मी दोन्ही तासांना तेच शिकवते. तिथेच ते ठरलं.

भैयाने अध्यक्ष म्हणून विद्यार्थी संघाच्या उद्घाटनात ही गोष्ट आपल्या कामांत सांगितली. मैत्रीण माझ्या कोपराला ढोसत होती. मला राग आला, पण फार वेळ टिकला नाही. मंचावर त्याच्या मागे डॉक्टरांची मुलगी बसली होती. तिने समोर आमच्याकडे बघून डोळे फिरवले आणि आम्हांला हसू दाबावं लागलं.

माझ्या मैत्रिणीची हजेरी त्या वर्षी काठावर भरली. ती परीक्षेला बसली आणि पास झाली. पुढे सिहोऱ्याच्याच शाळेत शिक्षिका झाली. आदल्या वर्षी घरी बसलेली मुलगी मात्र परत आली नाही. आम्ही निरोप पाठवला होता. तिचं लग्न ठरलं होतं.

पुढच्या वर्षी दोन्ही पॅनलनी मला विचारलं. बाबांची आता काही हरकत नव्हती. उलट तेच एकदा म्हणाले, "काहून नाही उभी राहत?" पण माझं शेवटचं वर्ष होतं, आणि केंद्र सरकारच्या एका कार्यालयाच्या भरतीची परीक्षा मला द्यायची होती. ती मी दिली आणि नोकरीला लागले. पुढे त्या कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या बैठका व्हायच्या, बायका मागच्या खुर्च्यांवर बसायच्या. पहिल्या बैठकीत मी हात वर केला तेव्हा साहेबांनी मान वर करून विचारलं, "जी, आप कुछ कहना चाहती हैं?"

"हाँ," मी म्हटलं, आणि उभी राहिले.